मुका गेम

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात मेघनाचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, रेडिओ, बीपी मोजायचं मशीन, फवारणी पंपाचा चार्जर, जे येईल ते ती उघडते. डिप्लोमा झाल्यावर चार वर्षं एका कंपनीत सर्किट तपासण्यात गेली. मग तिनं स्वतःचं टेबल मांडलं. सकाळी जळोचीहून स्कूटीवर यायचं, शटर वर करायचं, दिवेलागणीला घरी. बोलायला कमी, पण हाताला गुण असलेली बाई म्हणून तिचं नाव होतं. एखादी वस्तू का बिघडली हे कळल्याशिवाय ती मिटवून परत द्यायची नाही. एवढाच तिचा हट्ट.

फेब्रुवारीत एका दुपारी पस्तिशीचा एक माणूस दुकानात आला. त्यानं पिशवीतून पांढऱ्या फडक्याची गुंडाळी काढली आणि दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवली.

"गेम आहे. माझ्या लहानपणचा," तो म्हणाला. "सेल आतच राहिले आणि पाघळले. चालू होईल का?"

वरून ठोकळे पडतात आणि खाली त्यांच्या रांगा लावायच्या असतात, तसला हातात धरायचा गेम होता तो. करडं प्लास्टिक, पिवळी बटणं, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा पडदा. मेघनानं मागचं झाकण सरकवलं. दोन पेन्सिल सेल फुगून एकमेकांना चिकटले होते. त्यांच्यातून निळसर पांढरा खार फुटून स्प्रिंगांवर चढला होता.

"किती वर्षं बंद आहे?"

"सव्वीस. आणि चालला फक्त दीड दिवस."

मेघनानं मान वर केली. त्या माणसाला कुणालातरी सांगायचंच होतं असं दिसलं. तिनं स्टूल पुढं सरकवलं.

त्याचं नाव बुद्धघोष. इंदापूरला तो जनावरांचा डॉक्टर होता. मूळ गाव निरवांगी. नव्व्याण्णवच्या मे महिन्यात, नऊ वर्षांचा असताना, तो शेळगावला मामाकडं सुट्टीला गेला होता. निघायच्या दिवशी मामानं हा गेम घेऊन दिला. घरी गेल्याशिवाय चालू करायचा नाही, असं बजावून सेल घालून दिले. फाट्यावर टेम्पोतून उतरल्यावर घर लवकर गाठायचं म्हणून बुद्धघोष जोतीराम तात्यांच्या उसातून आडवा निघाला. नजर हातातल्या गेमवर. उसाच्या पोटात एक कोरडा आड होता. त्यावर टाकलेल्या फळ्या कुजलेल्या होत्या.

"खाली पाचट साठलेलं होतं म्हणून वाचलो. पाय मोडला. ओरडून ओरडून घसा बसला. मग मी याचं बटण सरकवलं." त्यानं गेमवर बोट ठेवलं. "अंधारात पडदा दिसत नव्हता. पण बटण दाबलं की वाजायचा. टिट् टिट्. मी दाबायचो, तो वाजायचा. डोळा लागला की आपणहून वाजून मला जागं करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या पाणी द्यायला उसात आले. त्यांना ऐकू आला तो हाच आवाज. माझ्या गळ्यातून तर काहीच निघत नव्हतं."

त्यानं गेमची पिवळी बटणं एकदा चाचपली.

"आमच्या आजोबांना त्या आडावर घागर बुडवू देत नव्हते. त्याच आडानं मला जिवंत परत दिलं. घरच्यांनी बुद्धवंदना घेतली, तात्यांच्या पाया पडले. पण मी मनातल्या मनात आभार मानत आलो ते याचे. आईनं धास्तीनं हा पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. मला कधी हात लावू दिला नाही. आता माझी अंजली नऊ वर्षांची झालीय. तिला तो आवाज एकदा ऐकवायचाय."

"खार धुवून निघेल," मेघना म्हणाली. "आतली तार खाल्ली असेल तर नवी जोडते. शनिवारी या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काम हातात घेतलं. सेल सहजी निघाले नाहीत. प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू सोडवावे लागले. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून तिनं खारावर टेकवलं, तसा बारीक फेस आला. फेस टिपायचा, परत थेंब द्यायचा, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासायचं, शेवटी स्पिरिटनं धुवायचं. मोठी स्प्रिंग हात लागताच मोडली. तिच्या जागी तिनं दुसऱ्या खेळण्यातली घातली.

मग पाठीचे पाच स्क्रू. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर कंपनीनं लावलेला लाल लाखेचा ठिपका शाबूत होता. म्हणजे गेम आजवर कुणी उघडलेला नव्हता. आत सर्किटच्या एका कोपऱ्यात तांब्याची रेघ खारानं पार खाल्ली होती. तिनं केसाएवढी तार वरून टाकून सोल्डरचा डाग दिला. नवे सेल घातले आणि बटण सरकवलं.

पडदा जागा झाला. करडे ठोकळे सरळ रांगेत भरले, पुसले गेले, आणि वरून पहिला ठोकळा निघाला. मेघनाला मनापासून बरं वाटलं. सव्वीस वर्षं मेलेली वस्तू हातात हलायला लागली की तिला नेहमीच तसं वाटायचं.

पण आवाज नव्हता.

आवाजाची चकती सुटली असेल म्हणून तिनं गेमच्या कवचात पाहिलं. रुपयाएवढी पितळी चकती असते, दोन बारीक तारांवर. आत चकती नव्हती. तारा खाऊन तुटल्या असतील म्हणून तिनं भिंग घेतलं. चकतीच्या तारा जिथं जोडतात ती दोन भोकं सर्किटवर होती. पण भोकं कोरी होती. तिथं कधी डाग लागलेलाच नव्हता. चकती बसायची ती गोल खोबण तिनं बोटानं चाचपली. डिंकाचा डाग नाही, ओरखडा नाही.

तिनं लाखेचे ठिपके एकदा आठवून पाहिले. स्क्रू तिनंच पहिल्यांदा फिरवले होते.

हा माल कंपनीतूनच मुका निघाला होता. त्यात आवाज बिघडला नव्हता. तो कधी नव्हताच.

मेघना बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली. बाहेर बोळात कुणीतरी स्कूटर चालू होत नाही म्हणून किक मारत होतं.

माणूस भ्रमात काहीही ऐकतो, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पोर पडलेलं, अंधार, पाय मोडलेला. पण मग वरून पाणी द्यायला आलेल्या शेतकऱ्याला काय ऐकू आलं? शेवटी तिनं एका जुन्या खेळण्यातली चकती काढून कोऱ्या भोकांना जोडली. गेम खणखणीत वाजायला लागला.

शनिवारी बुद्धघोष आला. मेघना त्याच्या हातात गेम देऊन उभी राहिली. त्यानं बटण सरकवलं. सुरुवातीची धून वाजली, ठोकळा पडला, टिट् झालं. त्याच्या चेहऱ्यावर आलेलं हसू हळूहळू मावळत गेलं.

"हा नाही," तो म्हणाला. "हा धारदार आहे. तो मऊ होता."

"सर, ही चकती मी बसवलीय. यात पहिली चकती नव्हती." तिनं त्याला लाखेचे ठिपके सांगितले, कोरी भोकं सांगितली. भिंग देऊन दुसऱ्या एका सर्किटवर डाग दिलेली जागा कशी दिसते ते दाखवलं. तो शिकलेला माणूस होता. त्याला कळायला वेळ लागला नाही.

"पण मी ऐकलंय, ताई. आजही कानात आहे. असा नव्हता. असा होता..."

आणि त्यानं तोंडानं तो आवाज काढून दाखवला. जीभ टाळूला लावून, ओठ जवळ आणून, हलकेच. "टिट्. टिट् टिट्."

तो तिथंच थांबला. त्याचा हात आपोआप तोंडावर गेला.

दुकानात दोघंच होती. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती: तो आवाज कुणाच्यातरी तोंडचा होता.

"तात्या आहेत अजून?" मेघनानं विचारलं.

"आहेत."

"उद्या रविवार आहे. मीही येते."

रविवारी सकाळी ती त्याच्या गाडीतून निघाली. उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं चालल्या होत्या. एकेका ट्रॅक्टरमागं दोन दोन, त्यामुळं गाडी पुढं काढायला जागाच मिळत नव्हती. बुद्धघोष वाटेत फारसं बोलला नाही. एकदाच म्हणाला, "काहीही निघालं तरी मला राग यायचा नाही. मी जिवंत आहे. ज्याचं देणं आहे त्याचं नाव कळलं तर बरं, एवढंच."

जोतीराम तात्या वस्तीवर लिंबाखाली बाजेवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, पण पाठ ताठ. बुद्धघोष पाया पडला तशी त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "ये डॉक्टर. अंजली बरी हाय न्हवं?" त्यांच्या सुनेनं, स्वरूपानं, चहा आणून दिला आणि ती गोठ्याकडं गेली.

बुद्धघोषनं गेम काढला. तात्यांनी तो हातात घेतला नाही. नुसते बघत राहिले.

"चालू झाला व्हय?"

"मेघनाताईंनी केला. ऐका."

गेम वाजला. तात्यांनी मान हलवली. "न्हाय. ह्यो न्हाय."

"मग कसला होता, तात्या?"

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "त्यो यंत्राचा आवाज न्हवता बाबा. माणसाच्या तोंडचा हुता. तू खाली बसून तोंडानं काढतूयास, आसं मला वाटलं. वर आल्यावर बघितलं तर तुझा घसा पार बसल्याला. पाणी माग म्हटलं तर तुला बोलता येईना. तवाच मला कायतरी खटाकलं."

"वर काढताना मला पाटीत तुम्हीच बसवलं ना?"

"मी?"

"तुम्ही दोरावरून खाली उतरला होतात. काखेत हात घालून मला पाटीत ठेवलंत."

"मी कवा उतारलो? दोर मी वरनं धरला हुता. तुझा बाप श्रीपती माझ्या शेजारी. पाय मोडलाय ह्येच आमाला तू वर आल्यावर कळलं. आमी पाटी सोडली, हाका मारल्या, वजन लागलं तसं वढलं."

बुद्धघोष आपल्या काखांकडं बघावं तसा खाली बघत राहिला.

"हात लहान होते," तो सावकाश म्हणाला. "लहान होते, तात्या. मला हे माहीत होतं. पण मी कधी त्याचा विचारच केला नाही."

लिंबावरून एक कावळा उडाला. तात्या उठले, घरात गेले आणि डबीत ठेवलेलं काहीतरी मुठीत घेऊन आले.

"तुझ्या बापाला बोललो न्हाय. कुणालाच न्हाय. तू वर आलास आन् हातवारं करून रडाय लागलास, तुझा ह्यो डबा खाली ऱ्हायला म्हणून. सगळी तुला घिऊन टेम्पोकडं पळाली. आडावर मी येकटा. म्हटलं, बघू गळाला लागतोय का. दोर परत सोडला. गळ लावायचा ऱ्हायला, तसाच सोडला. टेकला. आन् खालनं दोन झटकं आलं." त्यांनी हवेत हात दोनदा ओढून दाखवला. "वर वढला तर टोकाला डबा बांधल्याला. ह्यानं."

त्यांनी मूठ उघडली. लाल रिबीन होती. शाळेत जाणाऱ्या पोरींच्या वेणीला असते तसली, विटून विटकरी झालेली.

"कुठल्या पोरीची?" मेघनानं विचारलं.

"पंचक्रोशीत चौकशी केली. कुणाचीच पोर हरवल्याली न्हवती. मला आठवतंय तवापस्नं आड कोरडाच. मी कंदील सोडून बघितलं. पाचट, आन् काय न्हाय. लोक म्हणाली, तात्या, आड बुजवा, दुसरं पोर पडंल. मुरमाची ट्रॉली आणून कडंला लावली हुती." तात्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "मला काय ती ट्रॉली वतवंना. ज्यानं पोर जित्तं वर दिलं, त्याच्या डोक्यावर मुरूम वतू व्हय? परत धाडली. लोखंडी जाळी बसवली, कुलूप लावलं. दर सालाला त्या दिवशी येक नवी रिबीन दोराला बांधून सोडतूय."

"आणि?"

"दोर वर येतूय. रिबीन येत न्हाय."

मग बुद्धघोष उठला. त्यानं गेम फडक्यात ठेवला.

"अंजलीसाठी आणला होता," तो म्हणाला. "पण हा माझा नाही, तात्या. दीड दिवस ज्यानं तोंडानं वाजवला, त्याचा आहे. त्यालाही कधी ऐकायला मिळाला नसेल."

आड वस्तीपासून दोन शेतं ओलांडून होता. आजूबाजूचा ऊस तुटून गेला होता, त्यामुळं लांबूनच दिसला. जमिनीच्या पातळीला दगडी कडं आणि त्यावर जाळी. दुपारचे बारा वाजले होते. ऊन थेट आत पडत होतं, तरी तळ दिसत नव्हता. तात्यांनी कुलूप काढलं. गार हवा वर आली. मेघनाला पाचटाचा, मातीचा, कसला तरी वास येईल असं वाटलं होतं. हवेला वासच नव्हता.

"किती खोल आहे?" तिनं विचारलं.

"पाच परस. तीस फूट. मोजल्याला हाय."

बुद्धघोषनं पाटीत फडकं पसरून त्यावर गेम ठेवला. मेघनानं पुढं होऊन त्याचं बटण बंद असल्याची खात्री केली. सवयीनं केली. पाटी खाली निघाली तशी तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "सेल संपले की काढून ठेव हां. नाहीतर पाघळतात." दुकानात प्रत्येकाला ती हेच सांगायची. कुणी हसलं नाही. तात्यांनी तर मान डोलावली, राहिलंच होतं सांगायचं, अशी.

पाटी टेकली. दोर सैल पडला.

बुद्धघोष कडेला गुडघ्यांवर बसला आणि आत वाकला. "मी बुद्धघोष," तो म्हणाला. बोलताना त्याचा आवाज पोराएवढा बारीक झाला. "मी आहे अजून. डॉक्टर झालो. मला मुलगी आहे, अंजली. हे सगळं तू दिलेलं आहे. मला ठाऊक नव्हतं. आता आहे."

त्यानं हात जोडले आणि कपाळ दगडावर टेकवलं. त्याचे खांदे हलत होते, पण तो दुःखानं रडत नव्हता. सव्वीस वर्षं मुठीत धरून ठेवलेली गोष्ट योग्य माणसाच्या हाती दिल्यावर माणूस कसा मोकळा होतो, तसं काहीसं मेघनाला दिसलं. तिचेही डोळे भरून आले.

दोराला दोन झटके बसले.

तात्यांनी पाटी वर ओढली. गेम नव्हता. फडकं होतं. त्याची नीट चौघडी घातलेली होती.

मग खालून बटण सरकल्याचा बारीक आवाज आला आणि सुरुवातीची धून वाजली.

तिघंही हलली नाहीत. ठोकळा पडला, टिट्. वळला, टिट् टिट्. खेळणाऱ्याचा हात आधी अडखळत होता, मग सरावला. एक रांग लागली तेव्हा बुद्धघोष ओल्या डोळ्यांनी हसला. तात्यांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला होता.

बऱ्याच वेळानं डाव संपला. हरल्यावर वाजते ती उतरती धून वाजली आणि सगळं शांत झालं.

त्या शांततेत खाली कुणीतरी तीच धून तोंडानं काढली. मऊ, जीभ टाळूला लावून. एक सूर चुकला नाही.

"हाच," बुद्धघोष कुजबुजला. "हाच तो."

मग तीच धून दुसऱ्या एका तोंडानं काढली. पहिल्यापेक्षा बारीक.

तात्यांनी बुद्धघोषचा दंड घट्ट धरला. इतक्या वर्षांत त्यांनी दर सालाला एकच रिबीन सोडली होती.

मग तिसऱ्या तोंडानं. तो आवाज पाच परसाच्या पुष्कळ खालून आला.